कपाटातलं युगुलगीत

तीर्थस्वरूप अण्णांना,

जावयाचा वाकून नमस्कार. (खुर्चीवर वायरींचा ढीग आहे म्हणून जमिनीवर बसून लिहितोय, तेव्हा वाकून हा शब्द अगदी खरा धरावा.) तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? आईंच्या चष्म्याचा नंबर ठरला, की त्या अजून तक्ता पाठ करून म्हणून दाखवतात? इकडे माझं उत्तम चाललंय. तुमच्या मुलीची खुशाली मात्र तुम्हीच मला कळवायची, कारण गेले एकोणीस दिवस ती तुमच्याकडे आहे आणि माझा फोन उचलत नाही. ती रागावून आली आहे हे तिने सांगितलं असेलच. तिला परत धाडा म्हणायला हे पत्र लिहीत नाही, ती यायची तेव्हा येईल. पण तुम्ही चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत, आणि मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय तुम्ही कधी मत दिलं नाहीत. म्हणून झाकण मीच उघडून देतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा जावई पहिल्या नंबरावर आहे. लग्न ठरवताना तुम्ही विचारलं होतंत, की मुलगा गाणी रेकॉर्ड करतो हे समजलं, पण नोकरी कुठे करतो? तेव्हा मी पाण्याचा ग्लास रिकामा करून वेळ मारून नेली. आता उत्तर देतो. ‘एक मिनिट’ हे जे गाणं न्हाव्याच्या दुकानापासून लिफ्टपर्यंत सगळीकडे वाजतंय, ते मी जुळवलंय आणि सलग चौथ्या आठवड्यात ते यादीत सगळ्यांच्या वर आहे. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण असा उच्चीचा ग्रह सगळ्यांच्याच पत्रिकेत नसतो.

युगुलगीत म्हटलं की दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघून गातात अशी तुमच्या पिढीची समजूत. हल्ली त्यांची गाठ पडलीच तर पार्किंगमध्ये पडते. पुरुष या मंगळवारी गातो, बाई पुढच्या महिन्यात गाते, आणि त्यांचं प्रेम मी बसवतो. पण मंगळवारी पुरुषाच्या कानात बाईच्या ओळी वाजायला लागतात, म्हणून त्या आधी कोणाकडून तरी कच्च्या गाऊन घेतात. त्याला आम्ही डमी म्हणतो. खरी बाई गाऊन गेली की डमी पुसायची, हा आमच्या धंद्याचा नियम. तुमच्या मुलीने आजवर माझ्यासाठी अशा तीसेक डम्या गायल्या आणि मी त्या इमानाने पुसल्या.

आमच्या घरात सगळ्यांत शांत जागा म्हणजे कपड्यांचं कपाट. कोट आणि रजया आवाज पिऊन टाकतात. (तुम्ही लग्नात दिलेला लोकरी कोट या कामी फार उपयोगी पडतो, अंगात मात्र अजून बसलेला नाही.) त्या संध्याकाळी ती दाताच्या डॉक्टरांकडून, म्हणजे तिच्या नोकरीवरून, नुकतीच आली होती. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांवर दिवा धरून दमली होती, आणि गॅसवर दूध होतं. मी म्हटलं, कडव्याला एक अशा चारच ओळी आहेत. गाण्यात तो तिला दारात अडवतो, एक मिनिट थांब म्हणतो, ती थांबत नाही म्हणते. मजकूर एवढाच, गीतकाराने त्याची चार कडवी केली आहेत. तर दुधाच्या धास्तीने हिने प्रत्येक ओळ तालाच्या किंचित आधी उचलली, शेवटचा शब्द टाकला, आणि बाहेर येऊन कपाटाचं दार धाडकन लावून स्वयंपाकघराकडे पळाली. माइक आतच होता आणि चालू होता. दूध मात्र गेलंच.

मंगळवारी आमचा गायक आला. त्याला सगळे रेशमी म्हणतात. या माणसाने जन्मात कोणाची विनवणी केलेली नाही, प्रेमगीतसुद्धा उपकार केल्यासारखं गातो. पण कानात तुमची लेक त्याच्या तोंडातली ओळ पुरी व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायला लागली, आणि याची तारांबळ उडाली. दुसऱ्या कडव्यापर्यंत तो खरोखर अजिजीने थांब म्हणू लागला. शेवटी दार आपटलं तेव्हा तो एवढा दचकला की शेवटचा शब्द अर्धाच राहिला. बाहेर येऊन त्याने मला विचारलं, की या बाई कोण? माझी बायको, म्हटल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग यथावकाश राणीसाहेब आल्या. (मोठ्या गायिका आहेत, बरोबर उशी आणि उशी धरायला माणूस असतो.) गायल्या अगदी सुरात. पण दोघांना एकत्र वाजवलं तर शेजारशेजारच्या खिडक्यांवर दोन माणसं आपापले अर्ज भरताहेत असं वाटायला लागलं. गाणं काढणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी तीनदा ऐकलं आणि म्हणाले, ते पहिलं लावा, दारासकट. म्हणजे आवाज तुमच्या मुलीचा, पण नाव राणीसाहेबांचं छापून झालं होतं, ते तसंच राहिलं. राणीसाहेबांनी गाणं ऐकलं आणि ते आपणच गायलोय अशी त्यांची मनापासून खात्री पटली.

पुढचं तुम्हाला दिसतंच आहे. पोरं दारं आपटत नाचतात. आमच्या खालच्या सुताराला बिजागऱ्यांच्या कामातून डोकं वर काढायला फुरसत नाही. रेडिओवर एका मानसतज्ज्ञ बाईंनी अर्धा तास सांगितलं, की या गाण्यातली स्त्री पुरुषाच्या वेळेवर जगायला नकार देते, म्हणून ते काळजाला भिडतं. दूध उतू जात होतं हे त्यांना कोण सांगणार? स्टेजवरच्या कार्यक्रमासाठी राणीसाहेबांना तसं गायला शिकवायला मला बोलावलं. सागवानी दार आणलं, काचेचं आणलं, शेवटी एका जुन्या फ्रीजचंही आणलं. त्या दार लावायच्या आणि लावल्यावर हळूच मागे बघायच्या. तुमच्या मुलीने मागे बघितलं नव्हतं.

आता बिघाडाकडे येतो. हे सगळं मी तिला सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू, पहिला नंबर आला की एकदम सांगू असं करता करता राहून गेलं. तिने ते क्लिनिकमध्ये ऐकलं. एक पेशंट तोंडात कापूस घेऊन ते गुणगुणत होता आणि मागे रेडिओवर ती स्वतः गात होती. घरी येऊन तिने एकच विचारलं, ‘मला विचारलंस का?’ यावर हो किंवा नाही एवढंच उत्तर होतं. मी पाऊण तास बोललो. कलेबद्दल बोललो, धंद्याबद्दल बोललो, आणि शेवटी म्हणालो की आवाज तुझा असला तरी माइक माझा होता. वाक्य त्या वेळी मला बिनतोड वाटलं होतं. सकाळी ती एक बॅग घेऊन निघाली.

माझी काळजी करू नये. मी व्यवस्थित जेवतो, घर चकाचक आहे, कामाला तर तोटाच नाही. आईंना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमचा पहिल्या नंबरचा जावई

ता. क. कंपनीला दुसरं युगुलगीत करायचं आहे आणि त्यासाठी तुमच्या मुलीचा आवाज अत्यावश्यक आहे. रविवारपर्यंत ती आली तर बरं. निव्वळ कामाची निकड म्हणून तिच्या कानावर घालावं.

आणखी एक. पाकिटात कंपनीच्या नावाचं एक पत्र आहे, तिकीट लावलेलं. त्यात गाणं खरं कोणी गायलं ते लिहिलंय, आणि नाव बदला नाहीतर गाणं मागे घ्या असं म्हटलंय. असं पत्र आलं तर यापुढे माझ्याकडे काम येणार नाही, हे साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय. पेटीत टाकायचं की फाडायचं, ते तिने ठरवावं. या वेळी मी विचारतोय.

शेवटचं. वरचं दुसऱ्या युगुलगीताचं खोटं आहे. घर चकाचक आहे हेही खोटं आहे. कंपनीने तिला बोलावलेलं नाही, मी बोलावतोय. ती नाही म्हणाली तरी कळवा, मी पुन्हा विचारीन.