दहिवलीत अडकलेली चावी

आई, लग्न होऊन कडावला आले तेव्हापासून तुम्हाला आईच म्हणत आले, पण सासू-सुनेत जेवढं कामापुरतं बोलणं होतं, त्यापलीकडे आपण दोघी कधी गेलो नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. आज लिहायला बसले आहे ती गाडीच्या चावीमुळे.

गेल्या महिन्यात दहिवलीला भाजीसाठी थांबले, गाडी बंद केली आणि चावी निघेना. तशी ती अधूनमधून अडते, तुमच्या वेळेपासून. गियर न्यूट्रलला आहे ना बघायचं, स्टेअरिंग जरा डावी-उजवीकडे हलवायचं, चावी हलक्या हाताने मागे फिरवून ओढायची, की येते. त्या दिवशी सगळं करून झालं तरी ढिम्म हलेना. चावी आत लटकत ठेवून गाडी सोडणार कुठे? माझं डोकंच फिरलं. पिशवीत शिलाई मशीनसाठी घेतलेलं तेल होतं, ते भोकात सोडलं आणि लावला जोर. भाजीवाली ओरडली, “ताई, वडू नका, मोडंल ती!” मग मुकाट्याने चारफाट्यावरच्या मेकॅनिकला फोन केला.

तो आधी म्हणाला, चावी झिजली हाय, नवी बनवा. मग त्याने चावीसकट कुलूप उतरवलं, खटपट करून चावी काढली आणि कुलूप कागदावर आपटलं, तर आतून लाल चिखल पडला. त्याने तो बोटावर घेतला, वास घेतला. “कुंकू हाय हे, मावशी. तेल घातलंत म्हनून त्याचा लगदा झाला. दसऱ्याला चावीला लावता काय?” मी म्हटलं, दसऱ्याला आम्ही बॉनेटला लावतो, चावीला कशाला लावू? “मंग कोनीतरी रोज लावत व्हतं,” तो म्हणाला. “दसऱ्याच्या चिमटीचं यवढं साठत नाय. आनि जुनं हाय, आत पार बसलंय.” भाजीवालीने तिचं पोतं पुढे सरकवलं, त्यावर बसले.

गाडी दारात आली तो दिवस मी कधी विसरले नव्हते. पाहुण्यांदेखत तुम्ही म्हणालात, “बाईमान्सानं कशाला गाडी हाकायची? कुठं आपटली तर या पोरीला कोन बगंल?” लेक तेव्हा माझ्या कडेवर होती. मला इतका अपमान वाटला की पेढे वाटायचेही राहून गेले. नंतर तुम्ही मला अडवलं नाहीत, पण गाडीबद्दल एक बरा शब्दही काढला नाहीत. पुढच्या सीटवर तर कधी बसलाच नाहीत.

आणि रोजची ती सकाळ. तुमची पूजा आटोपली आहे, स्वयंपाकघरात उदबत्तीचा वास आहे, मी खालापूरच्या दवाखान्यातल्या ड्युटीसाठी डबा भरते आहे. चावीचा खिळा देव्हाऱ्याशेजारी. मी हात पुढे करायच्या आत तुम्ही चावी काढून घेता, माझ्याकडे पाठ करून क्षणभर उभ्या राहता, मग दारापर्यंत येऊन माझ्या हातात देता. जणू गाडी तुमचीच आणि मी ती मागून नेते आहे! मनात मी रोज धुसफुसायची. माझ्या नर्सच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाला लाल डाग पडायचे, ते घासून घासून माझी बोटं सोलवटायची. एकदा वैतागून विचारलं, “चावीला हे लाल काय लागतं हो?” तुम्ही तांदूळ निवडत होतात. वर न बघता म्हणालात, “गंज आसंल. दमट हवा हाय आपल्याकडं.”

मला ते पटलं. खरं तर तुम्ही बोलाल ते एकदाचं संपवून निघायची मला घाई असायची. चारचौघांत बोललेला शब्द तुम्हाला मागे घेता येत नव्हता, हे आता कळतं. पण मी सुखरूप परत यावं म्हणून रोज माझ्याकडे पाठ करून काय करत होतात, ते मला का नाही दिसलं? आपण एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली हो. मला तुमचा राग यायचा, आई, आणि आता तुमची फार आठवण येते.

मेकॅनिकने कुलूप धुऊन, वाळवून बसवलं. चावी आता लोण्यासारखी फिरते. हे पत्र कुठे पाठवणार? खिळ्याखालच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्यामागे राहील.

एक सांगायचं राहिलं. लेक आता गाडी चालवते, खोपोलीला कॉलेजात जाते. मेकॅनिकने बजावलंय, म्हणून मी चावीच्या पात्याला नाही लावत, नुसतं वरच्या काळ्या डोक्याला, जरासं. परवा ती म्हणाली, “आई, हे लाल काय गं? ओढणीला लागलं.” मी भाजी चिरत होते. म्हटलं, “गंज असेल.”

“प्लास्टिकला?” ती म्हणाली, आणि हसत चावी घेऊन गेली.

मी एवढंही कधी उलटून विचारलं नाही तुम्हाला.