ओढ्याकडची वीस पावलं

३ जानेवारी
अखेर गावाला माणूस ओळखता आला. चौकातल्या बैठकीत वणवा-स्वयंसेवक दलाचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड. दुसरा उमेदवार नव्हता, त्याला कारण माझा दरारा. एकतीस वर्षं पोस्टात काढली आहेत, शिस्त काय असते ते मला विचारा. जिल्ह्याच्या अग्निशमन अधिकारी द्वामेना मॅडम यांनी लाल हेल्मेट, शिट्टी आणि अहवालाची वही दिली. हेल्मेट जरा मोठं आहे. आत टॉवेल घातला की बसतं.

रात्री जेवताना बायको, सेरवा, म्हणाली, हेल्मेट छान आहे, आता त्याच्या आतलंही काही वापरा आणि आधी आपल्या काजूच्या बागेभोवती जाळरेषा काढा. बारा फूट रुंद पट्टा, गवताची काडी शिल्लक नको, आणि सहाराकडून येणारा हर्मटानचा कोरडा वारा जोर धरायच्या आत. गेल्या वर्षीच्या वणव्यात निम्मी बाग गेली. उरलेली चाळीस झाडं तिने डोक्यावरून पाणी वाहून जगवली आहेत. बायको घाबरट आहे. पण घरात दलप्रमुख असताना बाग जळेल कशी? म्हटलं, उद्यापासून.

४ जानेवारी
जाळरेषा जमली नाही. हेल्मेटवर नाव रंगवून घेण्यात दिवस गेला. पेंटरने ‘प्रमुख’ बारीक आणि ‘क्वाकू असोमानिंग’ मोठं काढलं. पुसून उलटं करायला लावलं. मग वाटलं, पहिलंच बरं होतं.

६ जानेवारी, शनिवार
पहिली कवायत. अकरापैकी चार हजर. बाकीचे नेहमीप्रमाणे काळे-लाल कपडे घालून शनिवारच्या अंत्यविधींना. या गावात शनिवारी आग लागली तर ती सोमवारपर्यंत थांबवून ठेवावी लागेल. तरी भाषण केलं, एक तास दहा मिनिटं. चौघेही डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होते.

९ जानेवारी
आगीचं मूळ सापडलं. शिकारी! ग्रासकटर नावाच्या मांजराएवढ्या रानउंदराला बिळातून हुसकवायला हे लोक रान पेटवतात आणि रस्सा ओरपून मोकळे होतात. निव्वळ जिभेचे चोचले. फर्मान काढलं: माझ्या लेखी परवानगीशिवाय रानात काडी ओढायची नाही. पोस्टातला जुना शिक्का शोधून ठेवला आहे.

१४ जानेवारी
चर्चमध्ये अग्निसुरक्षेवर बोललो. पास्टरनी दोन मिनिटं दिली होती. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी गायकवृंदाला खूण केली. मी त्यांच्या आवाजावर आवाज चढवून मुद्दा पूर्ण केला.

१७ जानेवारी
जाळरेषा काढायला पहाटे निघालो. कोयता बोथट. धार लावायला शेजारच्या बोआतेंगकडे गेलो. त्याच्याकडे ताजी ताडी आली होती. दुपारी परतलो. हत्याराची देखभाल हाही सुरक्षेचाच भाग आहे. सेरवाने अंगठ्याने धार तपासून मान हलवली. समजूत पटलेली दिसते.

१९ जानेवारी
पटलेली नव्हती. आज ती चर्चच्या सात बायका आणि सात कोयते घेऊन बागेत गेली. संध्याकाळी धुळीने माखून परत. तीन बाजू झाल्या म्हणे, ओढ्याकडची वीस पावलं राहिली, ती आम्ही उद्या उरकतो.

मला हे बिलकूल आवडलं नाही. प्रमुखाच्या बागेची जाळरेषा बायकांनी काढली हे द्वामेना मॅडमच्या कानावर गेलं तर? स्पष्ट बजावलं, ओढ्याकडची बाजू अवघड आहे, ती मी स्वतः काढणार, कुणी हात लावायचा नाही. सेरवाने कोयता माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, बघा हं, शब्द देताय. दिला.

२२ जानेवारी
तीन दिवस दलासाठी सलाम बसवत होतो. दोन बोटांनी की चार, यावर मतभेद. वीस पावलं काय, तासाभराचं काम.

संध्याकाळी सेरवाचा भाऊ ओबेंग आला. हा गावातला सगळ्यात पट्टीचा शिकारी. म्हणाला, दाजी, एक परवानगी द्या ना, ओढ्याकाठी एकच बीळ आहे, तळहाताएवढा जाळ करतो. मी ठाम नकार दिला. त्याने पानातून धुरावलेली ग्रासकटरची मांडी काढून टेबलावर ठेवली. मी त्याला कायदा समजावला. तो म्हणाला, वांगी घालून रस्सा केला की काय लागतो दाजी! मी कायद्याची दुसरी बाजूही समजावली.

शेवटी मध्यम मार्ग निघाला. आग माझ्या देखरेखीखाली लावायची. म्हणजे ती शिकार नव्हे, नियंत्रित आगीचं प्रात्यक्षिक. परवानगी क्रमांक एक, दोन प्रतींत, शिक्क्यासह. सेरवाला तूर्त सांगितलेलं नाही. रस्सा उत्तम झाला.

२५ जानेवारी, दुपारी १
आज प्रात्यक्षिक. वारा आहे, पण मी त्याचा अभ्यास केला आहे. ओढ्याकडून येतो आणि बागेकडे जातो. वीस पावलं परत आल्यावर काढेन.

२५ जानेवारी, रात्री


जाळ आधी तळहाताएवढा होता. मग खाटेएवढा. मग मला मोजता येईना. ग्रासकटर मागच्या बिळातून कधीच पसार. मी शिट्टी वाजवली. शाळेतली पोरं फुटबॉलची मॅच समजून दोन संघ करून उभी राहिली. दलातला एकही आला नाही. हेल्मेट डोळ्यांवर आलं आणि मी धावलो तो सरळ ओढ्यात. ओबेंग ओरडत होता, दाजी, बाग! दाजी, बाग!

पोचलो तेव्हा सेरवा आणि त्या सात बायका ओल्या फांद्यांनी आग झोडपत होत्या. तीन बाजूंना आग मोकळ्या पट्ट्यापाशी येऊन निमूट विझली. ओढ्याकडून आत शिरली. बरोबर वीस पावलांतून. मीही फांदी उचलली. सेरवा म्हणाली, बाजूला व्हा, मधे येताय.

दोन झाडं गेली. अडतीस वाचली, आणि ती माझ्यामुळे वाचली नाहीत, हे मला इथे तरी लिहिलं पाहिजे.

 

२९ जानेवारी
द्वामेना मॅडम आल्या. अहवालात ‘आगीचं कारण’ असा रकाना आहे. मी लिहिलं: वाऱ्याचा असहकार. ओबेंगने खिशातून परवानगी क्रमांक एक काढून दाखवली. माझ्या शिक्क्याचा ठसा इतका सुबक आहे की नाकारता येईना.

बैठक झाली, प्रमुखपद सेरवाकडे. मी मोठ्या मनाने हात वर केला. माझा हात शेवटी वर गेला, एवढंच. सात बायका दलात आल्या. तिच्या डोक्याच्या फडक्यावर हेल्मेट घट्ट बसतं, टॉवेल लागत नाही. मला पाणीवाहक नेमलं आहे.

३० जानेवारी
पहाटे साडेपाचला कोयता घेऊन ओढ्याकडची वीस पावलं काढली. पावणेदोन तास लागले. आत दोन काळे बुंधे उभे आहेत, तिकडे पाठ करून काम केलं.

प्रमुख तपासणीला आल्या. टेप लावून पट्टा मोजला. म्हणाल्या, अकरा फूट आहे, बारा पाहिजे.

मी ‘उद्या’ म्हणायला तोंड उघडलं. तिने शिट्टी वाजवली.

उरलेला फूट आजच काढला.