सुमनबाईंचे देव पाण्यात

देवळाली प्रवरा,
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. वृषालीस राधाकृष्णमामाचे अ. आ.

वि. वि. हे पत्र इ-मेलने धाडतो आहे, कारण व्हॉट्सॲपवर लिहिलेले तुझ्या आईला तुझ्याआधी कळते. इ-मेल मात्र तिला अजून सापडलेली नाही.

आयर्लंडात वाहनपरीक्षेत तू दुसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्याची वार्ता पोचली. सव्वीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवत असल्याने अनुत्तीर्णांशी माझा जुना घरोबा आहे. पण ते फक्त शाळेला जड जात; तू अख्ख्या घराला गेली आहेस. नागपंचमीपासून तुझ्या आईने, आमच्या सुमनने, देव्हाऱ्यातले सगळे देव तांब्याच्या घंगाळात बुडवून ठेवले आहेत. काम होईतो बाहेर काढायचे नाहीत, ही आपली रीत. पूर्वी दोन-चार दिवसांत भागे, कारण कामे तालुक्यातली असत. परदेशी खात्याची देवांना सवय नाही. अन्नपूर्णा दीड महिना उपाशी आहे, आणि सावळा म्हणून ख्यात असलेला बाळकृष्ण हिरवा पडत चालला आहे.

देव पाण्यात, म्हणून तुझ्या भावाचा मुहूर्तही धरता येईना. करणचे होणारे सासरे, श्रीगोंद्याचे गोरक्षनाथराव, तीनदा विचारून गेले. मी त्यांना सांगितले की मुलाच्या पत्रिकेत शनी नाही, आयर्लंडचा परीक्षक आहे.

तुझे उपासही वाढल्याचे कळते. बस चुकली म्हणून मंगळवार, छत्री उडाली म्हणून गुरुवार, घरमालकीण रुसली म्हणून शनिवार. तिकडचा वारा पाहता पौषापर्यंत तू नुसत्या चहावर येशील. परीक्षा नेमकी कशात गेली ते खरे लिही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
राधाकृष्णमामा

—

आयर्लंड,
दि. १९ सप्टेंबर २०२५

ती. मामांस वृषालीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बसमध्ये वाचलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

खरं सांगते, पण आईला कळवू नका. मी नमस्कारामुळे नापास झाले. इथे गाव तिथे चर्च, आणि चर्च दिसलं की माझा उजवा हात स्टिअरिंग सोडून छातीशी, मग कपाळाशी जातो. राहुरीच्या एसटीतून इतकी वर्षं वाटेतल्या प्रत्येक देवळाला हात जोडलेत. आता देव कुणाचा, हे हात विचारत नाही. परीक्षकाने लिहिलं, वाहनावर ताबा नाही. दुसऱ्या वेळी चर्च नसलेला रस्ता मिळावा म्हणून देवाला साकडं घातलं. मिळालाही, पण वाटेत दफनभूमी निघाली.

घरमालकिणीचंही तसंच. संकष्टीला उदबत्ती लावली तर धुराचा भोंगा वाजला, आणि अख्ख्या इमारतीची माणसं स्लिपरांवर पावसात उभी राहिली. मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणत होते. ते संपेपर्यंत अग्निशामक गाडी आली.

तिसरी परीक्षा २८ ऑक्टोबरला आहे. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायच्या हे माझं काम, आणि बस सगळ्या गावांना जात नाही. त्या महिनाअखेर लायसन्स हातात नसेल तर नोकरी जाईल, आणि नोकरी गेली की व्हिसा. मला इथे राहायचंय, मामा. हे आईला फोनवर म्हटलं की तिला लगेच काहीतरी काम आठवतं. तिला एवढंच सांगा, की देवांना जरा जोर लावायला सांग.

आशीर्वादात काटकसर नसावी.

आपली,
वृषाली

—

देवळाली प्रवरा,
दि. ५ ऑक्टोबर २०२५

चि. वृषालीस अ. आ.

वि. वि. घट बसले, उठले, दसरा झाला, देव पाण्यातच. काल गोरक्षनाथरावांनी चौथ्यांदा, आता फोनवर, विचारले, तसा मी सुमनच्या वस्तीवर गेलो. सुमनपुढे आपद्धर्म मांडला. संकट लांबले की नियम सैल होतात, तेव्हा देव तेवढे कोरडे कर, म्हटले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, पोरगी पास व्हावी म्हणून देव बुडवलेत हे तुला कुणी सांगितलं? मी म्हणालो, सगळा गाव सांगतो. त्यावर ती म्हणाली, गावाला काय कळतंय; पोरगी नापास होऊन घरी यावी म्हणून बुडवलेत.

एवढे बोलून तिने भाकरी उलटली.

म्हणजे बघ, ज्या देवांना आपण दोन महिने आळशी ठरवत होतो, त्यांनी दोन्ही वेळा चोख काम केले आहे. तू तिकडून जोर लावायला सांगत होतीस, आणि तो लागत होता. मी विचारले, मग पोरीलाच का नाही सांगितलेस? तर म्हणाली, शिकलेल्या पोरीला माघारी बोलावणारी आई वाईट दिसती. देवानं आणली तर कुणी नावं ठेवत न्हाई. भाकरी खाऊन आलो.

हे तुला लिहू नये असे शहाणपण सांगते. पण देवांपुढे एकमेकांच्या उलट दोन अर्ज पडले असतील, तर निदान एका अर्जदाराला दुसऱ्याचा ठाऊक असावा. रागावायचे तर माझ्यावर रागाव.

माया राखून असावे. मला व तिलाही.

तुझा,
मामा

—

आयर्लंड,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

चार दिवस आईचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी घेतला. ती म्हणाली, पाऊस लई झाला. मी म्हणाले, इथेही.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण माझ्या नापास होण्यासाठी इतकं मन लावून बसलेलं दुसरं कुणी मला या जगात नाही, हेही खरं.

देव राहू देत पाण्यात. मी सगळे उपास सोडलेत आणि शिकवणी लावलीय. उपाशीपोटी गिअर सापडत नव्हते. चर्च दिसलं की आता मनात म्हणते, परत येताना. दोन्ही हात स्टिअरिंगवरच असतात.

आहे तो जिव्हाळा जपावा.

आपली,
वृषाली

—

देवळाली प्रवरा, वस्ती
दि. ३० ऑक्टोबर २०२५

चि. वृषालीला आईचा आशीर्वाद.

दादाला म्हनलं, ह्या कागदाचा फोटो काढून पाठव, पर वाचू नको. तो वाचनारच.

तू चार दिवस फोन घेतला न्हाईस तवाच मला कळलं. दादाच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. पाडव्याला मी देव भाईर काढले. चिंचेनं घासले, निवद दावला. त्यांना म्हनलं, माजं काम ऱ्हाऊ द्या, तिचं ती बगंल. आन परवा तू पास झालीस.

आता गावात समदी म्हनत्यात, सुमनबाईचे देव लई कडक, तीन म्हयने पाण्यात ऱ्हायले पर पोरगी पास केली. कालच शेजारची रतनबाई घंगाळ मागायला आली, तिच्या नातवाची भरती हाय. खरं काय ते सांगावं आसं वाटलं. मग म्हनलं ऱ्हाऊ दे, आन घंगाळ दिलं.

करणचं लगीन सात डिसेंबरला धरलंय. येशील का? ह्या टायमाला देवाला मदी घातलं न्हाई, तुलाच इचारते. आन लगीन झाल्यावर माघारी जानार आसशील तर तेबी सांग. फोन ठेवनार न्हाई, समदं ऐकून घीन.

जेवत जा.

तुजी आई,
सुमन