शमुवेल ‘बा’ म्हणाला

नंदुरबार,
१५ फेब्रुवारी

प्रिय प्रिस्किला,

तुला आणि शमुवेलला खूप माया. इकडे सगळं ठीक. पथारीच्या मोकळ्या मैदानावर मिरची अजून वाळतेय आणि सगळी गल्ली खोकतेय. दवाखान्यातली रात्रपाळी झाली की थोडी तरी झोप घेत जा गं. सुनेला पत्र काय लिहायचं, असं धर्मेंद्र म्हणेल. पण फोनवर मनातलं सांगायचं राहूनच जातं.

धर्मेंद्रने पाठवलेला व्हिडिओ पाहिला. शमुवेल चक्क ‘बा’ म्हणाला! मी तो दिसेल त्याला दाखवत सुटले, आणि जो तो त्या एवढ्याशा शब्दावर हक्क सांगायला लागला.

यांनी ऐकलं मात्र, लगेच म्हणाले, “देख, मन्हा नातू माले हाक मारी ऱ्हायना!” आपल्या घरात आजोबांना बाच म्हणतात ना. पण माझी नणंद सुंदरबाई सुरतेहून आलेली. ती कुठली ऐकतेय! “रतिलाल, उगाच फुगू नको. आमना सुरतमा बा म्हणजे माय. पोऱ्या त्यानी मायले बलावी ऱ्हायना.”

मिरची भरायला आलेला ट्रकवाला उत्तर प्रदेशातल्या बलियाचा. तो हसून म्हणाला, “हमरे इहाँ ‘बा’ माने ‘है’, माताजी. घर में बबुआ बा.” हा भोजपुरी ‘बा’ संस्कृतातल्या ‘वर्तते’पासून झिजत आला म्हणे. शेजारी उर्दू शाळेतल्या निवृत्त बाई राहतात, त्यांनी आणखी एक सांगितला. फारसीत बा म्हणजे सोबत. बाअदब, म्हणजे अदबीसोबत. आणि आमच्या कॉन्व्हेंटमध्ये? मेंढीचं ओरडणं! ‘बा बा ब्लॅक शीप’वर सिस्टर पेटी वाजवायच्या आणि आम्ही रिबिनी बांधलेल्या मेंढ्या. किती वर्षांनी आठवलं.

तुझ्या मावची बोलीत ‘बा’ म्हणजे काय, हे मात्र मला सांगता आलं नाही. व्हिडिओत तू त्याच्याशी तुझ्याच बोलीत बोलतेस. मला एक शब्द कळला नाही, तरी पुन्हा पुन्हा ऐकलं. शाळेत आम्ही घरची बोली बोललो की बाकावर उभं करायचे, त्यामुळे माझी अहिराणी अर्धीच राहिली. तू इंग्रजीत नर्सिंग शिकलीस आणि काहीच सोडलं नाहीस. मला तुझं फार कौतुक वाटतं, हे तोंडावर कधी बोलले नाही.

आणखी एका गोष्टीबद्दल बोलले नाही. जानेवारीत तुम्ही आलात तो दिवस. हे पथारीवरून धावतच आले आणि हात न धुता शमुवेलचे गाल धरले. जन्म मिरचीत गेलेल्या माणसाने हे विसरावं! लेकराचा तो आक्रोश. आम्ही सगळे नुसते ओरडत होतो. तू शांतपणे दुधाने त्याचे गाल पुसलेस, डोळे पाण्याने धूत राहिलीस. “मिरचीवाल्याचं पोर आहे, एवढं काय,” असं सुंदरबाई म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीने तू गेलीस. “इथे त्याला परत आणणार नाही,” म्हणालीस. आईने म्हणावं तेच म्हणालीस.

तेव्हापासून हे पथारीवर खुर्ची टाकून बसतात, मिरचीला शिवत नाहीत. घरी आले की आधी तेलाने, मग बेसनाने हात चोळतात आणि झोंबतंय का ते बघायला स्वतःच्याच डोळ्याला बोट लावतात. काल डोळा लालभडक. मला म्हणाले, “धूळ गयी.”

पुढच्या रविवारी, तुझी चर्चमधली उपासना झाल्यावर, आम्ही तुमच्याकडे नवापूरला यावं का? नाही म्हणालीस तरी माझी माया कमी होणार नाही. यांना मी काहीतरी कारण सांगेन.

तुझ्या ‘हो’कडे डोळे लावून बसलेली,
रुपा

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात यांनी पेन मागितलं. खालचं अक्षर यांचं आहे.

बेटी, मी हात लावाऊ नही. दूरथीनच देखसू.