उतारावरच्या नेब्बिओलोची वाटणी

मी, द्राक्षबागायतदार, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि बऱ्यापैकी रागात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर आणि बँकेतील शिल्लक धाकट्या मुलीला. तिची बडबड मला कधीच सोसली नाही, पण वाइनचा घोट तोंडात धरून ती गप्प बसू शकते.

२. छाटणीच्या कात्र्या मेव्हण्याला. चाळीस वर्षं त्याने त्या मागून नेल्या आणि बोथट करून परत आणल्या. आता स्वतःच्या बोथट कराव्यात.

३. उतारावरची नेब्बिओलोची बाग आणि तळघरातली पिंपं थोरल्या मुलाला. हे द्राक्ष मूळ इटलीचं. सगळ्यांच्या आधी फुटतं, सगळ्यांच्या शेवटी पिकतं. वाइनचा रंग फिका, म्हणून अडाणी माणूस तिला पाणचट समजतो, आणि पहिली काही वर्षं तीच वाइन जीभ सोलून काढते. दहा वर्षं थांबलात, तर गुलाब आणि डांबर यांचा वास एकाच पेल्यातून येतो. हे मी थोरल्याला तो शाळेत असल्यापासून सांगत आलो. माझी कंबर मोडली त्या वर्षी त्याने तोडणी तीन आठवडे आधी उरकली. शिवाय रंग गडद यावा म्हणून दुसऱ्याच काळ्या द्राक्षाची वाइन पिंपांत ओतली. "बाबा, एवढी वाट कोण बघतं?" म्हणाला. मी कुबड्या घेऊन तळघरात उतरलो, सगळी पिंपं गटारात सोडली आणि त्याच्यासमोर रडलो. त्या रडण्याची लाज मला अजून वाटते.

४. वकीलसाहेब सांगतात की, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातलं काहीही मिळत नाही. म्हणून साक्षीला थोरल्यालाच बोलावलं आहे. दोनच पानं आहेत. वाचून त्याने सही नाकारली, तर बाग त्याची. न वाचता केली, तर बाग धाकटीची. मी त्याला दोनदा "वाच" म्हणेन, तिसऱ्यांदा नाही.

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: ४ नोव्हेंबर
लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: पिंपं दुरुस्त करणारे मिस्त्री (सही)
साक्षीदार २: थोरला मुलगा (सही)

सह्या झाल्यावर माझ्या हातची नोंद: ठरल्याप्रमाणे दोनदा म्हणालो. मिस्त्रींनी मान खाली घातली. "बाबा, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," थोरला म्हणाला, आणि कागद पुढे ओढून त्याने सही केली. मी अडवलं नाही.