चार कारखान्यांतली एकच बाई

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
स्थानिक उद्योग अनुदान कार्यालय.

विषय: माझ्या नावावरील चार नोकऱ्यांपैकी एक खरोखर मिळणेबाबत.
संदर्भ: गेल्या तपासणीत आपण माझी केलेली चार वेळची विचारपूस.

महोदय,

सविनय कळविते की, आपल्या अनुदानातून आमच्या गल्लीत चार कारखाने उभे राहिले व स्थानिक महिलांना रोजगार मिळाला. ती स्थानिक महिला मी आहे.

१. तपासणीच्या दिवशी चारही मालक मला बोलावतात. आपली गाडी मोठ्या रस्त्याने वळसा घालून येते, तोवर मी मागच्या बोळातून एप्रन बदलत पुढचा कारखाना गाठते. एरवी चारही ठिकाणी कुलूप असते. गेल्या वेळी ब्रशच्या कारखान्यात आपण कौतुकाने म्हणालात, "अगदी तुमच्यासारखी एक बाई बटणांच्या कारखान्यात आहे." मी धापा टाकत म्हणाले, "बहीण आहे, साहेब." पुढे आणखी दोन बहिणी निघाल्या. आपण अहवालात 'चार कष्टाळू बहिणी' असे लिहिलेत. चौघींचे नाव एकच कसे, हे विचारले नाहीत, हा आपला मोठेपणा. सासूबाई मात्र रोज विचारतात, एवढ्या बहिणी होत्या तर लग्नात एकही कशी दिसली नाही?

२. आमच्या ह्यांचे गुडघे गेल्याने शिलाईचे दुकान बंद पडले आहे व घर चालवायला मला खरी नोकरी हवी आहे. आपल्याच कार्यालयात नाव नोंदवायला गेले, तर कारकुनाने संगणकात पाहून मला चांगलेच झापले. लोकांना एक नोकरी मिळेना आणि तुमचं चारांनी भागत नाही का, म्हणाला. मला हसू आवरेना, त्यामुळे प्रकरण आणखी चिघळले.

३. बटणांच्या कारखान्यात आपण यंत्र चालवून दाखवायला सांगितलेत, ते आठवत असेल. मी खटका ओढला आणि ते चक्क चालले. बटणे टपाटप पडू लागली. मालक माझ्यापेक्षा जास्त दचकले. आपली पाठ वळताच कानाशी येऊन म्हणाले, "बंद करा वहिनी, यंत्राला सवय लागेल." साहेब, मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. ते यंत्र चालवणे मला जमते आणि आवडते. ती नोकरी मला द्या, बाकीच्या तीन बहिणींची नावे खुशाल खोडा.

पुढची तपासणी उद्या आहे. मालकांचे निरोप आले आहेत. तरी आपण उद्या न येता आजच, न कळवता यावे, ही विनंती. कुलपे आपणांस दिसतील. मी घरीच आहे. उद्याच आलात, तरी मी घरीच असेन.

आपली नम्र,
(सही)
शिलाईवाल्या वहिनी, चौघींच्या वतीने

दिनांक: तपासणीचा आदला दिवस, सकाळ

सोबत: एप्रन, चार नग (निळा, पिवळा, हिरवा आणि एक कोणत्या कारखान्याचा ते आता आठवत नाही). परत पाठवू नयेत.