विमलमावशीसाठी अर्ज

४ ऑगस्ट २०२५

ठरलं! विमलमावशीचं नाव पाठवायचं. विद्यापीठ मानद डॉक्टरेटसाठी लोकांकडून नावं मागवायलंय — दवाखान्यात ड्युटीवर पेपर चाळताना दिसलं आणि अंगावर काटाच आला. तीस तारखेपर्यंत मुदत. घरी यांना सांगितलं तर हसले. "चौथी पास बाईला डॉक्टरेट? सिस्टर, ताप आलाय का तुम्हालाच?" म्हटलं, आपलं रेशनकार्ड कुणामुळं झालं? तुमच्या आईची पेन्शन कुणी लावली? ताट पुढं ओढून जेवायला लागले.

पस्तीस वर्षं झाली. दर बाजारच्या दिवशी ती निर्ण्याहून हुमनाबादला येते, तहसीलच्या भिंतीला टेकून बसते. आपण घरात मराठी बोलणार, सरकारी कागद सगळा कन्नडात. येईल त्याचा अर्ज भरून देते. पैसे घेत न्हाई, चहा तेवढा घेते. माझा नर्सिंगचा अर्ज तिनंच भरला. नाहीतर आज मी कुणाच्या तरी तुरीत खुरपत असते.

७ ऑगस्ट

झाली पंचाईत! फॉर्म कन्नडात. बोलते मी फाडफाड, वाचते अडखळत, पण लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. शाळा मराठी, दवाखान्यात सगळं इंग्रजी. आणि ज्याचं नाव द्यायचं त्याला कळू द्यायचं न्हाई, असा नियम! दुसऱ्या कुणाकडनं लिहून घेतलं तर गावभर होणार. तोंड बंद ठेवून असा अर्ज नीट लिहिणारं माणूस मला एकच ठाऊक. विमलमावशी!

हे पोट धरून हसले.

१४ ऑगस्ट

गेले. खोटं बोलले. म्हटलं, मावशी, एक बाई हाय, लई लोकांच्या कामी आलीय, तिच्यासाठी लिहायचंय. नाव-गावाची जागा मोकळी ठेव, मी टाकते. चष्म्यावरून बघितलं. "गुपित हाय व्हय?" आणि बसली लिहायला. मी मराठीत सांगायचं, तिनं कन्नडात उतरवायचं. मधेच थांबली. "इतकं चांगलं असतंय का गं कुणी? जरा कमी करू." कमी करू दिलं न्हाई. माझे डोळे भरले तर म्हणते, "धुरळा लई हाय इथं."

कोऱ्या फॉर्मवर खाली मी सही करून दिली. फेअर करून ठेवते म्हणाली, पुढच्या बाजारी ने.

२१ ऑगस्ट

आणायला गेले तर — "टाकला की पोस्टात!"

अगं, नाव?

"टाकलं. अर्धा कागद मी कुणाच्या हातात देत न्हाई, ठाव न्हाई व्हय तुला? रिकामी जागा दिसली की साहेब परत धाडतोय."

कुणाचं टाकलंस? "जिचं पाहिजे तिचं." आणि लाजल्यासारखी हसली. म्हणजे ओळखलं म्हातारीनं! स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव! घरी येऊन शिरा केला. यांनी दोनदा घेतला.

२ सप्टेंबर

अजून काही न्हाई. वाट बघणं जिवावर येतं.

८ नोव्हेंबर

पत्र आलं. पहिल्या यादीत नाव लागलंय, संमतीपत्र सहीनिशी पाठवा. नाव — दानम्मा माणिकप्पा, निर्णा.

कोण दानम्मा? संताप संताप झालाय.

९ नोव्हेंबर

तणतणत निर्ण्याला गेले. मावशी शेंगा फोडत बसलेली. म्हटलं, कामून असं केलंस? ते सगळं तुझं लिहिलं होतं, कळलं न्हाई तुला?

"कळलं की. येडी समजायलीस मला?" हातातली शेंग फोडून माझ्यापुढं केली. मग सांगायला लागली. दहा वर्षांची होती, ह्याच दानम्मव्वाच्या (अव्वा म्हणजे आई) गोठ्यात शेण काढायला जायची. अव्वाच्या पोराचं चित्रांचं कन्नड पुस्तक ओसरीत पडलेलं. ही उघडून बघायलीय हे अव्वानं बघितलं. म्हणाली, शेण ऱ्हाऊ दे, आत बसून वाच. सासूनं घर डोक्यावर घेतलं, घर बाटवलं म्हणाली, आठ दिवस सुनेच्या हातचं जेवली न्हाई. तरी अव्वा रोज हिला आत बसवायची. दोन वर्षं. हिच्या वाट्याचं शेणसुद्धा अव्वाच काढायची. "तुझा अर्ज मी भरला," मावशी म्हणाली. "मला कुणी शिकवलं, ते कधी इचारलंस?"

न्हाई विचारलं. घराण्यातली पहिली नोकरदार बाई म्हणून लई मिरवले मी, आणि ज्या बाईपासून हे सगळं सुरू झालं तिचं नावसुद्धा ठाऊक न्हवतं! लाज वाटली. पण त्याहून जास्त बरं वाटलं. तिथंच मावशीच्या पाया पडले. "पुरे पुरे," म्हणाली, "उद्या तिच्या पड." उद्या दोघी मिळून सही घ्यायला जाणार.

१० नोव्हेंबर

दानम्मव्वा पंच्याऐंशीच्या पुढं, कान मात्र तेज. पाया पडले, संमतीपत्र पुढं केलं, हातात पेन दिलं. तिनं पेन बाजूला ठेवलं आणि अंगठा पुढं केला.

मावशीनं पिशवीतनं शाईचं पॅड काढलं. अव्वाचा अंगठा टेकवला, कागदावर उठवला, आपल्या पदरानं पुसला. "अव्वाला वाचायला येत न्हाई," म्हणाली. "कधीच येत न्हवतं. चित्र बघून ती नाव सांगायची, मी अक्षर लावायची. कानाला खटकलं की म्हणायची, पुन्हा वाच."